जांभळा धागा

१५ जून २०१३ च्या रात्री आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर कोणीतरी नाचत होते. पुण्याच्या लुल्लानगरातल्या आमच्या जुन्या घराचा तो मजला आम्ही तीन इराणी विद्यार्थिनींना भाड्याने दिला होता, आणि एरवी त्या इतक्या हलक्या पावलांनी वावरत की त्या घरी आहेत की नाहीत हे दारातल्या चपला पाहिल्याशिवाय कळत नसे. थोड्या वेळाने त्यांच्यातली थोरली खाली आली. हातात पिस्त्यांची बशी होती आणि मनगटावर लोकरीचे दोन धागे बांधलेले होते, एक विटलेला हिरवा आणि एक कोरा जांभळा. आईच्या हातात बशी देत ती म्हणाली, "आंटी, आम्ही जिंकलो," आणि तिला रडू फुटले.

हसन रूहानी इराणचे अध्यक्ष म्हणून निवडून आल्याची घोषणा तेहरानमध्ये नुकतीच झाली होती. सहा उमेदवार रिंगणात असताना पहिल्याच फेरीत त्यांना निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे १ कोटी ८६ लाख मते मिळाली होती, आणि दुसऱ्या क्रमांकावरचे तेहरानचे महापौर गालिबाफ ६० लाखांच्या आसपास राहिले होते. आदल्या दिवशी, शुक्रवारी, पहाटेच्या गाडीने मुंबईला जाऊन तिथल्या इराणी वकिलातीत ती मत देऊन आली होती. हिरवा धागा २००९ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा होता. मीर हुसेन मुसावींना दिलेले आपले मत चोरले गेले असे मानणारे लाखो लोक त्या जूनमध्ये तेहरानच्या रस्त्यांवर उतरले होते आणि त्यांच्यात एकोणीस वर्षांची तीही होती. जांभळा हा रूहानींच्या प्रचाराचा रंग होता, किल्ली ही त्यांची खूण होती, आणि 'तदबीर' व 'उमीद' हे त्यांच्या घोषणेतले दोन शब्द होते. त्यातला दुसरा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, कारण फारसीतून आलेली 'उमेद' आपण इतकी आपलीशी केली की ती बाहेरून आली हे आता कोणाला आठवतही नाही. पहिला शब्द मात्र आपल्याला जुन्या कागदपत्रांत भेटतो, आणि तिथे त्याचा अर्थ योजना, युक्ती, मसलत असा होतो. रूहानींना त्या शब्दातून शहाणपण सुचवायचे असावे. पण माझ्या कानाला त्या जोडीत पहिल्या दिवसापासून एक शब्द मनातला आणि एक शब्द पटावरचा वाटला, आणि त्याच रात्री मी तिला सरळ विचारले की हा माणूस खरोखर मवाळ आहे, की मते मिळवण्यासाठी तसा दिसतो आहे.

डोळे पुसत ती म्हणाली, "ताई, तो त्यांचाच माणूस आहे. पण त्यांच्यातला हिशेब कळणारा माणूस आहे."

तिच्या या उत्तराने मी तेव्हा थोडी खट्टू झाले, हे कबूल केले पाहिजे. मला काहीतरी उजळ ऐकायचे होते. मी अशा घरात वाढले जिथे आजोबा स्वतःला अभिमानाने मवाळ म्हणवत, आणि या शब्दाला पुण्यात किती हिणवणूक सोसावी लागली हे सांगताना त्यांचा आवाज चढे. गोपाळ कृष्ण गोखल्यांची १८९७ ची गोष्ट त्यांनी मला अनेकदा सांगितली होती. प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या गोऱ्या सैनिकांनी पुण्यात अत्याचार केल्याचे आरोप गोखल्यांनी विलायतेत असताना जाहीर केले. ते आरोप ज्यांच्या पत्रांवर आधारलेले होते त्या मित्रांची नावे उघड करण्यास त्यांनी नकार दिला, पुरावा देता येईना, आणि परतल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली. जहालांनी त्यांना भित्रे ठरवले. आजोबांचे म्हणणे असे की गोखल्यांनी त्या माफीत स्वतःची पत घालवली आणि मित्रांची नावे वाचवली, म्हणजे भोगले ते त्यांनी स्वतः भोगले. एखाद्याचा मवाळपणा कशावरून ओळखावा, या प्रश्नाचे मला मिळालेले हे पहिले उत्तर होते. रूहानींच्या बाबतीत ते मला फार उशिरा आठवले.

रूहानी हे बाहेरून आलेले कोणी सुधारक नव्हते, हे तिला पुरते माहीत होते आणि मला ते पुढच्या काही महिन्यांत वाचून कळले. सेमनान शहराजवळच्या सोर्खे या लहान गावात १९४८ साली जन्मलेला हा मुलगा कोवळ्या वयातच धर्मशिक्षणाकडे वळला आणि कोमच्या मदरशांत शिकला. क्रांतीनंतर लष्कराच्या कार्यालयांत काम करणाऱ्या स्त्रियांना हिजाब सक्तीचा करण्याची जबाबदारी आपल्यावर होती आणि ती आपण कशी पार पाडली, हे त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहिले आहे. १९८९ पासून २००५ पर्यंत, तब्बल सोळा वर्षे, ते राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे सचिव होते. मध्येच ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. जुलै १९९९ मध्ये तेहरानच्या विद्यार्थ्यांचे आंदोलन चिरडले गेले, त्यानंतरच्या सरकार समर्थकांच्या सभेत व्यासपीठावरून आंदोलकांना निर्दयपणे ठेचण्याची भाषा बोलणारे वक्ते रूहानीच होते. आणि २०१३ च्या दूरचित्रवाणीवरील वादविवादात, पोलिस दलातून आलेल्या गालिबाफांकडे पाहून, मी कर्नल नाही, मी कायद्याचा माणूस आहे, असे सुनावून टाळ्या मिळवणारेही रूहानीच. चौदा वर्षांत माणूस बदलू शकतो. मीही त्या काळात बदलले. तरी या दोन चित्रांमध्ये कुठेही जाहीर पश्चात्तापाचा एक शब्द नाही, ही गोष्ट मला आजही खुपते.

पण या सगळ्या कोड्याचा गाभा मला एका तिसऱ्या भाषणात सापडला, आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. २००३ ते २००५ या काळात रूहानी इराणचे अणुवाटाघाटींचे प्रमुख होते. ऑक्टोबर २००३ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीचे परराष्ट्रमंत्री तेहरानला आले आणि इराणने युरेनियम संवर्धन, म्हणजे इंधनासाठी किंवा बॉम्बसाठी युरेनियमची तीव्रता वाढवण्याचे काम, तात्पुरते थांबवण्याचे मान्य केले. रूहानींची 'मुत्सद्दी शेख' अशी ख्याती झाली ती तेव्हापासून. त्यानंतर २००४ मध्ये देशातल्या वरिष्ठ मंडळींच्या एका परिषदेपुढे त्यांनी एक भाषण केले, जे पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी सांगितले की आपण तेहरानमध्ये युरोपीयांशी बोलत होतो तेव्हा इस्फहानच्या अणुप्रकल्पात उपकरणे बसवण्याचे काम चालू होते, आणि वातावरण शांत ठेवल्यामुळेच ते काम पुरे करता आले. १ ऑक्टोबर २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांनी रूहानींना मेंढीचे कातडे पांघरलेला लांडगा म्हटले, तेव्हा त्यांच्या हातातला मुख्य पुरावा हेच भाषण होते. माणसाने स्वतःच्या तोंडाने कबुली दिली, आता आणखी काय हवे, असा तो युक्तिवाद होता.

मी ते भाषण समजून घेण्याचा प्रयत्न केला तेव्हा माझे लक्ष श्रोत्यांकडे गेले. समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या नजरेत रूहानी हे परकीयांपुढे झुकलेले, देशाचा हक्क गहाण टाकून आलेले वाटाघाटीकार होते. त्या माणसांना जर त्यांनी सांगितले असते की मला समेटच मान्य आहे, जगाशी भांडण परवडणारे नाही, तर त्यांची खुर्ची त्याच दिवशी गेली असती. म्हणून त्यांनी आपला समेट हा डाव म्हणून विकला. बाहेरच्यांना ती कबुली वाटली, तर घरच्यांसाठी ते निष्ठेचे प्रमाणपत्र होते. ज्या व्यवस्थेत मवाळ असणे हा संशयाचा विषय असतो तिथे मवाळ माणसाला आपला मवाळपणा खोटा आहे असे स्वकीयांना पटवत राहावे लागते, आणि तो खरा आहे असे परक्यांना. अशा वेळी मुखवटा कोणता आणि चेहरा कोणता हे ठरवायला बाहेरच्याकडे कोणतेच साधन नसते. कदाचित त्या माणसाकडेही ते फार दिवस उरत नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच.

सर्वोच्च नेते अयातुल्ला खामेनी यांनी तर हा सगळा व्यवहार सप्टेंबर २०१३ मध्ये एका उपमेत मांडून टाकला. 'शौर्याची लवचिकता' हे त्यांचे शब्द आणि पहिलवान हे त्यांचे उदाहरण: पहिलवान कधी कधी डाव म्हणून अंग वाकवतो, पण समोर कोण आहे आणि आपल्याला काय साधायचे आहे हे तो विसरत नाही. कुस्तीच्या देशात वाढलेल्या आपल्यालाही ही उपमा चटकन कळते. शिवाय ओमानमध्ये अमेरिकेशी गुप्त बोलणी सुरू झाली होती ती रूहानी निवडून येण्याच्या आधी, मार्च २०१३ मध्ये. म्हणजे वाकायचे हे आखाड्याने आधीच ठरवले होते, आणि लोकांनी निवडला तो वाकण्याची लाज न वाटणारा गडी. रूहानी त्या कामाला मनापासून योग्य होते म्हणूनच ते व्यवस्थेच्या उपयोगाचे होते. या एका जागी, माझ्या मते, त्यांची निष्ठा आणि त्यांचा बेत यांच्यात काही अंतरच नव्हते.

त्या वर्षीचा पाऊस आणि ते दिवस मला एकत्रच आठवतात. १८ सप्टेंबरला वकील नसरीन सोतूदेह आणि आणखी काही राजकीय कैदी सुटले, तेव्हा वरच्या मजल्यावर पुन्हा गाणी लागली. २७ सप्टेंबरला न्यूयॉर्कहून निघता निघता रूहानी आणि ओबामा दूरध्वनीवर सुमारे पंधरा मिनिटे बोलले, १९७९ नंतर दोन्ही देशांच्या अध्यक्षांमधले ते पहिले बोलणे. तेहरानच्या विमानतळावर परतताना एका गटाने त्यांचे हार घालून स्वागत करावे तशा घोषणा दिल्या आणि दुसऱ्या गटातून त्यांच्या गाडीच्या दिशेने बूट आला. तो बूट पाहून मला वाटले की हा माणूस खरा असला पाहिजे. ज्याच्यावर कट्टर लोक बूट फेकतात त्याच्याजवळ काहीतरी सच्चे असणार, असा माझा सरळ हिशेब होता. तिचा हिशेब वेगळा होता. मार्च २०१२ मध्ये इराणी बँकांना आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या जाळ्यातून बाहेर काढल्यापासून तिच्या वडिलांचे पैसे दुबईतल्या ओळखीच्या माणसांमार्फत तुकड्या-तुकड्यांनी येत, रियालची किंमत वर्षभरात निम्म्याहून खाली गेली होती, आणि इथल्या एका बँकेने तिच्या फीची रक्कम केवळ पासपोर्ट पाहून तीन आठवडे अडवून ठेवली होती. सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियम संवर्धनाची यंत्रे, फिरणे चांगलेच, पण लोकांच्या संसाराचे चाकही फिरले पाहिजे, असे रूहानी प्रचारात म्हणत आणि ते वाक्य ती आईला हिंदीत करून सांगे. आईला ते फार आवडे.

१४ जुलै २०१५ ला व्हिएन्नात अणुकरार झाला. सुमारे १९ हजार सेंट्रिफ्यूजपैकी ६,१०४ ठेवायचे, संवर्धन ३.६७ टक्क्यांवर थांबवायचे आणि साठा ३०० किलोच्या आत राखायचा, त्या बदल्यात निर्बंध उठणार होते. त्या करारासाठी रूहानी आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री झरीफ दोन वर्षे संसदेतल्या शिव्या खात राहिले, आणि या एका बाबतीत त्यांनी आपली सगळी पत पणाला लावली याविषयी माझ्या मनात शंका नाही. मे २०१८ मध्ये ट्रम्प यांनी अमेरिकेला त्यातून बाहेर काढले आणि इराणमधल्या ज्यांनी 'यांच्यावर विश्वास ठेवू नका' म्हटले होते ते एका रात्रीत द्रष्टे ठरले. रूहानींच्या अपयशाचा मोठा वाटा वॉशिंग्टनमध्ये तयार झाला, आणि त्यांचा हिशेब मांडताना तो वजा करणे न्याय्य आहे.

पण वजाबाकी करूनही बाकी उरतेच. विजयानंतरच्या पहिल्याच पत्रकार परिषदेत प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले होते की मीर हुसेनही इथे असायला हवा होता. मुसावी, त्यांच्या पत्नी झहरा रहनवर्द आणि २००९ चे दुसरे सुधारणावादी उमेदवार मेहदी करूबी हे फेब्रुवारी २०११ पासून नजरकैदेत होते. रूहानींच्या सभांत त्यांच्या नावाचा जयघोष होई आणि तो त्यांनी थांबवला नाही, कारण त्या जयघोषात मते होती. ऑगस्ट २०२१ मध्ये, आठ वर्षांनी, त्यांनी पद सोडले तेव्हा तिघेही नजरकैदेतच होते. पहिल्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री म्हणून त्यांनी मुस्तफा पूरमोहम्मदी यांना घेतले, ज्यांचे नाव १९८८ च्या राजकीय कैद्यांच्या सामूहिक फाशीशी जोडलेले आहे. त्यांच्या दोन्ही मंत्रिमंडळांत एकही स्त्री मंत्री नव्हती, फक्त काही उपाध्यक्षा होत्या. २०१६ च्या अखेरीस नागरिकांच्या हक्कांची १२० कलमांची सनद प्रसिद्ध झाली, पण न्यायालयात तिच्यावर बोट ठेवून काही मागता येईल असे बळ तिला नव्हते. न्यायव्यवस्था आपल्या हातात नाही, सुरक्षादले आपल्या हातात नाहीत, हे रूहानींचे म्हणणे खोटे नव्हते. इराणचा अध्यक्ष हा अनेक कुलपांच्या घरातला एक किल्लीवाला असतो. तरीही मला विचारावेसे वाटते की करारासाठी दोन वर्षे अंगावर घेतलेला रोष त्यांनी या तिघांसाठी दोन आठवडे तरी घेतला का. करार टिकला तर व्यवस्था टिकणार होती, आणि त्या व्यवस्थेत त्यांची स्वतःची जागा होती. मुसावींच्या सुटकेने ती जागा धोक्यात आली असती.

नोव्हेंबर २०१९ चा तो शुक्रवार मी विसरू शकत नाही. १५ तारखेला सरकारने अचानक पेट्रोल महाग केले: महिन्याला पहिल्या ६० लिटरपर्यंत दर १० हजारांवरून १५ हजार रियाल झाला आणि त्यापुढे ३० हजार. गावोगावी लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, आणि जवळजवळ आठवडाभर अख्ख्या देशाचे इंटरनेट बंद केले गेले. ॲम्नेस्टीने किमान ३०४ मृत्यूंची नोंद केली, आणि इतरांनी दिलेले आकडे याहून पुष्कळ मोठे होते. ती तोवर शिक्षण संपवून फ्रँकफर्टला नोकरीला लागली होती. सहा दिवस तिला आईचा आवाज ऐकायला मिळाला नाही, म्हणून ती रोज रात्री माझ्या आईला फोन करी आणि दोघी फारसे काही न बोलता बराच वेळ फोनवर राहत. पुढे काही दिवसांनी रूहानी जाहीरपणे म्हणाले की दर नेमके केव्हा वाढणार हे मलाही शुक्रवारी सकाळीच कळले. आणि हे सांगताना ते हसले.

ते हसणे तिने मला पाठवले. काही सेकंदांची चित्रफीत होती, खाली एकही शब्द लिहिलेला नव्हता. मी ती अनेकदा पाहिली. १९९९ च्या सभेतल्या धमकीने मला इतके अस्वस्थ केले नव्हते, कारण त्या धमकीत निदान आपण काय करतो आहोत याची जबाबदारी होती. या हसण्यात एका हिशेबी माणसाने आपल्याच लोकांच्या मृत्यूंचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत टाकून दिला होता. गोखल्यांची माफी मला आठवली ती त्या रात्री. त्यांनी स्वतःकडे ओढून घेतलेली गोष्ट या माणसाने स्वतःवरून झटकली होती.

तेव्हा रूहानी खरे होते की बेतलेले, याचे माझे आजचे उत्तर असे आहे की ते खरेच मवाळ होते, आणि ते मवाळपण त्यांनी व्यवस्थेच्या रक्षणासाठी मनापासून वापरले. त्यांना लोकांचे दुःख कळत होते, पण ते त्यांना व्यवस्थेच्या तब्येतीचे लक्षण म्हणून कळत होते. २०१३ मध्ये तिने एका वाक्यात हेच सांगितले होते. हिशेब कळणाऱ्या माणसाला मत देणारीही हिशेबच करत होती: तिने त्याला वापरायला घेतले होते, जसे त्याने तिला. या दोघांच्या व्यवहारात भाबडी एकटी मी होते, जिला त्यात काही द्यायचेही नव्हते आणि घ्यायचेही नव्हते, आणि म्हणूनच बहुधा मला त्याच्या अंतःकरणाची इतकी उत्सुकता होती.

व्यवस्थेनेही शेवटी आपला हिशेब पुरा केला. सर्वोच्च नेत्याची निवड करणाऱ्या ज्या तज्ज्ञसभेचे रूहानी दोन दशकांहून अधिक काळ सदस्य होते, तिच्याच निवडणुकीसाठी त्यांचा अर्ज जानेवारी २०२४ मध्ये उमेदवारांची छाननी करणाऱ्या पालक परिषदेने नाकारला. त्याच वर्षी रूहानींनंतरचे अध्यक्ष इब्राहिम रईसी हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि पुन्हा एक मवाळ चेहरा पुढे आला, हृदयशल्यचिकित्सक मसूद पेझेश्कियान. पहिल्या फेरीत जेमतेम ४० टक्के लोकांनी मत दिले. मी फोनवर तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "माणूस चांगला दिसतो." पुण्याहून मुंबईला पहाटेच्या गाडीने गेलेली ती मुलगी तेव्हा फ्रँकफर्टमधल्या इराणी वकिलातीपासून ट्रामने वीस मिनिटांवर राहत होती, आणि पहिल्या फेरीला ती गेली नाही. जांभळा धागा तिने २०१९ च्या त्या हिवाळ्यातच कापून टाकला होता. हिरवा अजून एका डबीत आहे.

५ जुलैला, दुसऱ्या फेरीच्या दिवशी, दुपारी तिचा फोन आला. ती वकिलातीसमोरच्या पदपथावर उभी होती. आत जाणाऱ्यांची एक रांग होती आणि रस्त्याच्या या बाजूला त्या रांगेकडे पाहून संतापाने ओरडणारी माणसे होती, दोन्हीकडे तिच्या ओळखीचे चेहरे होते. अर्धा तास झाला इथेच उभी आहे, असे ती म्हणाली. मग तिने आईच्या गुडघ्याची चौकशी केली, इकडे पाऊस लागला का ते विचारले, आणि ठेवते ताई, असे म्हणाली. पुढे तिने काय केले हे मी तिला अजून विचारलेले नाही.